राजाचं पेव

जळतं लाकूड बादलीच्या दोरीला बांधून ज्वारीच्या जुन्या पेवात सोडलं. पुरुषभर खाली गेलं आणि विझलं. त्याच्याही खाली, अजून तीन-चार हात खोल माझी नात होती. गळ्यापासून पायापर्यंत लुगड्याच्या पट्ट्यांत गुंडाळलेली. हाक मारली तर ओ देत नव्हती.

बाईंनी तोवर चपला काढून दोन्ही पाय पेवाच्या तोंडात सोडले होते. मी म्हटलं, "बाई, उतरू नका. आत हवा नाही."

"सोडा मला. माझी पोरगी आहे ती."

पोरगी माझी होती, पण ते सांगत बसायची वेळ नव्हती. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी हिसडा दिला. तेव्हा मी त्यांच्या तोंडात मारली, राखेनं भरलेल्या हातानं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईला खिचडी शिजवणारीनं पोरांसमोर मारलं. गावात ही गोष्ट अजून सांगतात, आणि सांगताना पोरगी बाजूला राहते, थप्पड तेवढी सांगतात. म्हणून सगळं लिहून ठेवते. मी चौथी शिकलेली आहे, लिहिता येतं.

बाई मूळच्या नांदेडच्या. आमचं गाव रेणापूर तालुक्यात. बदली होऊन आल्या तेव्हा पन्नाशीला आलेल्या होत्या आणि एकट्या होत्या. लग्न झालं होतं का, हे मी सहा वर्षांत विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. लातूरला खोली करून राहायच्या आणि एसटीनं येऊन-जाऊन करायच्या. अंगानं चांगल्या भरलेल्या. एसटीत दोघांची सीट त्यांना एकटीला पुरायची. कंडक्टरनं सरकून बसायला सांगितलं की म्हणायच्या, "मी उभी राहिले तर तुलाच पुढं जाता येणार नाही, बघ."

हातात वडिलांचं पुरुषी घड्याळ असायचं, बंद पडलेलं. कुणी वेळ विचारली तर आधी त्या घड्याळात बघायच्या आणि मग जाळीतून मला विचारायच्या, "मावशी, तांदूळ टाकला का?" मी टाकला म्हटलं की विचारणाऱ्याला सांगायच्या, "साडेअकरा." घड्याळ दुरुस्त का करत नाही म्हटलं तर म्हणाल्या, "तुमच्या तांदळाची वेळ चुकून नाही राहिली ना, मग कशाला?"

जाळी म्हणजे चौथीचा वर्ग आणि माझी खिचडीची खोली यांच्यामधल्या भिंतीतली. तांदूळ निवडताना, भांडी घासताना सगळा वर्ग ऐकू यायचा. मी स्वतः चौथी एकदा शिकले. बाईंची चौथी सहा वेळा ऐकली. त्यामुळे चौथीचा शिवाजी महाराजांचा इतिहास मला पाठ आहे, आणि मिसरचे राजेही पाठ आहेत.

मिसर म्हणजे इजिप्त. बाईंचे वडील निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. ते मिसर म्हणायचे म्हणून बाई मिसर म्हणायच्या, म्हणून आमच्या गावची पोरंही मिसरच म्हणतात. बाई आठ वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांना हैदराबादचा अजबखाना दाखवायला नेलं होतं. तिथं काचेच्या पेटीत मिसरची एक मुलगी होती, हजारो वर्षांपूर्वी मेलेली, कापडात गुंडाळून वाळवलेली. बाई त्या पेटीसमोरून हलेनात. वडिलांनी बाकीचा अजबखाना एकट्यानं बघितला आणि परत येऊन यांना घेऊन गेले. हे सांगून झाल्यावर बाई नेहमी म्हणायच्या, "एवढी हजारो वर्षं झाली, तरी तिची नखं जागच्या जागी होती, मावशी." मला विचाराल तर मढं ते मढं. मी तसं म्हटलंही होतं. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही.

पुस्तक त्यांनी कधी सोडलं नाही. गणित, मराठी, परिसर, सगळं वेळेवर. फक्त शनिवारी सकाळची शाळा असते, तिचा शेवटचा तास मिसरचा. हेडमास्तरांनी एकदा जाळीपाशी उभं राहून ऐकलं आणि आत गेले.

"बाई, हे काय लावलंय? परीक्षेला हे येत नाही."

"येत नाही म्हणूनच पोरं ऐकून राहिली, सर."

हेडमास्तर बरे होते. ते परत कधी काही बोलले नाहीत, पण शनिवारी तो तास सुरू झाला की गावात कुठंतरी काम काढून निघून जायचे.

पहिल्याच तासाला बाई नांदेडहून गोदावरीची वाळू आणायच्या, पिशवीभर. ती टेबलावर ओतायची, बोटानं मधोमध रेघ ओढायची आणि सांगायचं, ही नाईल नदी. दरवर्षी तिला पूर येतो आणि पूर आला की लोक आनंदानं नाचतात. आमच्या पोरांना हे काही केल्या पटायचं नाही. आमच्याकडं नदी वर्षाचे आठ महिने कोरडी, आणि पूर आला की कुणाची म्हैस वाहून जाते. एका वर्षी एका पोरानं विचारलं, "बाई, त्यांच्याकडं तहसीलदार पंचनामा करायला येत नाही का?" बाई म्हणाल्या, "येतो. पूर किती हात चढला ते मोजतो, आणि त्यावरून सारा ठरवतो." पोरांना मग ते राज्य खरं वाटायला लागलं.

मला त्यांच्या तासात नाक खुपसायची सवय होती. जाळीतून काहीतरी टोचून बोलायचं. एकदा त्या पोरांना सांगत होत्या की राजा मेला की त्याला मिठात ठेवायचे, मीठ अंगातलं पाणी ओढून घेतं, मग देह कुजत नाही. त्यासाठी त्यांनी दोन वाळकं, म्हणजे काकड्या, आणल्या. एक नुसतं ठेवलं, एक मिठात पुरलं. मीठ माझ्या डब्यातलं, दोन पुडे. मी जाळीतून म्हटलं, "मिरच्या, सांडगे आम्ही दरसाल असेच वाळवतो. त्याला राजा कशाला मरायला पाहिजे?"

बाईंनी खडू खाली ठेवला. वळून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता बोलणार. तर त्या पोरांना म्हणाल्या, "ऐकलं का? राजाचा सांडगा करायचे." आणि टेबलावरच्या वहीत लिहून घेतलं. त्या दिवसापासून त्यांनी ती वहीच ठेवली. मिसरमधली एखादी गोष्ट पोरांना कळेना झाली की जाळीपाशी यायच्या आणि विचारायच्या, "मावशी, याला आपल्याकडं काय म्हणता येईल?" मी सांगायची. राजाचा कारभारी म्हणजे पाटलाचा कुलकर्णी. राजाच्या डोक्यावरचा नाग म्हणजे नागपंचमीचाच, फक्त सोन्याचा. मला त्यात मजा यायला लागली होती, उगाच खोटं बोलण्यात अर्थ नाही. मला आयुष्यात कुणी काही विचारून वहीत लिहून घेतलं नव्हतं.

उघड्यावरचं वाळूक चार दिवसांत सडलं. मिठातलं वाळूक सुकून कडक झालं आणि ते वर्षभर कपाटावर होतं. पोरं त्याला नमस्कार करून वर्गात जायची.

मिसरच्या गोष्टीत मेलेल्याचं काळीज तराजूत तोलतात. एका पारड्यात काळीज, दुसऱ्यात पीस. बाईंनी माझा तांदळाचा तराजू नेला. एका पारड्यात कोंबडीचं पीस ठेवलं आणि पोरांना सांगितलं, आठवड्यात जो खोटं बोलला त्यानं दुसऱ्या पारड्यात खडा ठेवायचा. कोण ठेवतो ते बघायचं नाही, सगळ्यांनी डोळे मिटायचे. पहिल्या शनिवारी अकरा खडे निघाले. बाई म्हणाल्या, "यातला एक माझा आहे." नंतर तराजू परत द्यायला आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "तुम्हाला ठेवायचाय का?" मी म्हटलं, "मी आधीच ठेवलाय. उरलेली खिचडी शेळीला नेते आणि हेडमास्तरांना सांगते की पोरांनी संपवली." बाई म्हणाल्या, "शेळीला चालते, ती पण गावचीच आहे."

आता राजाचं सांगते, कारण सगळं तिथून झालं.

दर महिन्याला बाई वर्गात एक राजा करायच्या. त्याला चॉकलेटच्या चांदीच्या कागदाचा मुकुट, आणि काळ्या लोकरीची लांब दाढी, कानाला दोऱ्यानं अडकवायची. राजा महिनाभर बाईंच्या शेजारी खुर्चीवर बसायचा. शेवटच्या शनिवारी राजा मरायचा. मग त्याला पट्ट्यांत गुंडाळायचं, चटईवर निजवायचं, आणि पोरं दारपाल होऊन विचारायची, "आत कोण आहे?" राजानं पडल्या पडल्या तीनदा सांगायचं, "मी राजा आहे." तीनदा सांगितलं की तो पुढच्या जगात गेला. मग सगळ्यांना गूळ-शेंगदाणे.

पट्ट्यांसाठी बाईंनी गावातल्या बायकांकडून जुनी लुगडी मागून घेतली होती. हातभर रुंद पट्ट्या फाडायच्या आणि एकीला एक गाठ मारून जोडायच्या. प्रत्येक गाठ पारखायच्या. पट्टीच्या एका टोकावर पाय देऊन उभ्या राहायच्या आणि दुसरं टोक दोन्ही हातांनी वर ओढायच्या, तोंड लाल होईपर्यंत. पोरं हसायची. मी विचारलं, "मेलेल्याला एवढी पक्की गाठ कशाला?"

"सुटली तर पोरं हसतात, मावशी. पोरं हसली की राजा पण हसतो. मग त्याला परत मारावं लागतं."

नाक आणि तोंड मात्र कधी गुंडाळू द्यायच्या नाहीत. तेवढा एक नियम त्या डोळे वटारून सांगायच्या.

आणि राजा कुणाला करायचं, तर महिन्यात ज्याचे खाडे सगळ्यांत जास्त त्याला. आमच्याकडं सोयाबीन काढणी आली की निम्मा वर्ग शेतात असतो. बाईंचं म्हणणं, राजा केला की तो यायलाच पाहिजे, राजाशिवाय दरबार कसा भरेल. आणि पोरं यायची. एक पोरगा तर वर्षात दोनदा राजा झाला आणि त्याचा बाप शाळेत भांडायला आला की आमच्या शेतात कोण काम करणार. बाई म्हणाल्या, "राजा शेतात जात नसतो." बाप म्हणाला, "मग राज्यातली चार माणसं पाठवा." यावर बाईंनी खरंच रविवारी जाऊन त्याच्या शेतात दिवसभर शेंगा वेचल्या. येताना कंबर धरून आल्या.

माझी नात गंगासागर. लेकीची लेक. लेक आणि जावई लातूरला डाळीच्या मिलमध्ये कामाला, पोरगी माझ्याकडं. मी रोज शाळेत, त्यामुळे तीही रोज शाळेत. ताप असला तरी खिचडीच्या खोलीत पोत्यावर निजवायची, आणि हजेरी घेताना ती जाळीतून "हजर" म्हणायची. तिचा एकही खाडा नव्हता. म्हणजे ती कधीच राजा होणार नव्हती.

त्यात बाईंनी त्यांना एका बाईची गोष्ट सांगितली. हत्शेपसुत तिचं नाव. मिसरची राणी होती, पण राणी म्हणवून घेईना, राजाच म्हणवून घेतलं. मूर्तींमध्ये तिला राजाची दाढी लावलेली आहे.

मी जाळीतून म्हटलं, "दाढी कशाला? तशीच बसली असती."

"तशी बसू दिली नसती, मावशी."

"मग बरोबर केलं तिनं."

गंगासागरनं हे बोलणं ऐकलं. घरी आल्यावर म्हणाली, "आज्जे, मला राजा कवा करतेल?"

"तू खाडे करीत नाहीस. तुला कशाला करतेल?"

"मग मी उद्या जात न्हाई."

"मुकाट्यानं जायचं. चल, भाकरी खा."

ती भाकरी खाऊन झोपली. मला वाटलं विषय संपला.

भादव्याचे दिवस होते. बाईंना राजांची थडगी शिकवायची होती. जमिनीखाली खोली खणायची, राजाला तिथं ठेवायचं, शेजारी त्याचं धान्य, भांडी, त्याचं मांजर, आणि वरून तोंड बंद करायचं. पोरांच्या डोळ्यांपुढं येईना. आमची घरं सगळी जमिनीच्या वर. एका पोरानं विचारलं, "विहिरीवानी का, बाई?" बाई म्हणाल्या, विहिरीत पाणी असतं. मग जाळीपाशी आल्या.

"मावशी, याला काय म्हणायचं?"

मी भांडं घासत होते. मान वर न करता म्हटलं, "पेव म्हणा की."

त्यांना पेव माहीत नव्हतं. शहरातल्या. मी सांगितलं. पूर्वी ज्वारी ठेवायला गावाच्या पांढऱ्या मातीत खड्डा खणायचे, रांजणासारखा. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत पोट मोठं. कडेनं कडबा लावायचा, ज्वारी भरायची, वर दगड ठेवून मातीनं लिंपायचं. दोन-दोन वर्षं ज्वारी टिकायची. ज्वारी काढायला मला उतरवायचे, मी बारीक होते म्हणून. आता सोयाबीन आलं, पत्र्याच्या कोठ्या आल्या, पेवं बुजली. एक राहिलंय, आपल्या शाळेच्या मागंच, लिंबाखाली तो दगड आहे ना, तेच.

बाईंनी सगळं लिहून घेतलं. वही छातीशी धरून वर्गात गेल्या आणि फळ्यावर पेवाचं चित्र काढलं. पुढच्या तासाला पोरांना घेऊन त्या दगडाभोवती बसल्या. दगड उघडला नाही. नुसतं सांगितलं की याच्याखाली अशी खोली आहे.

मी त्यांना सगळं सांगितलं होतं. एवढंच सांगायचं राहिलं की जुन्या पेवात नुसतं कुणी उतरत नाही. दिवसभर तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही. माझा बाप दर वेळी हे करायचा. तीस-पस्तीस वर्षांत गावात कुणी पेव उघडलं नव्हतं, म्हणून ते माझ्या तोंडात आलं नाही.

पुढच्या शनिवारी शाळा सुटली. बाईंची एसटी दुपारी दोनची, म्हणून त्या वर्गात वह्या तपासत बसल्या होत्या. मी भांडी घासत होते, चुलीवर पाणी होतं. बालाजी नावाचा एक पोरगा धावत आला. दारात उभा राहून म्हणाला, "बाई, राजा बोलंना झालाय."

बाई हसल्या. "कोणता राजा रे?"

"गंगासागर. पेवात हाय."

पाच जण होते ते. बागेच्या कामाची पहार घेऊन दगड सरकवला होता. गंगासागरला दाढी लावली, पट्ट्यांत गुंडाळली, नाक-तोंड मोकळं ठेवून, बाईंच्या नियमाप्रमाणं. आणि पट्ट्यांचं लांब टोक धरून तिला खाली सोडली. वरून विचारलं, आत कोण आहे. ती एकदा म्हणाली, मी राजा आहे. दुसऱ्यांदा अर्धंच म्हणाली. तिसऱ्यांदा आवाज आला नाही.

आम्ही गेलो तेव्हा चार पोरं पट्टी धरून उभी होती. त्यांना ओढता येत नव्हतं आणि त्यांनी सोडलीही नव्हती. बाईंनी पट्टी हातात घेतली आणि ओढली. पोरगी थोडी वर आली आणि आतल्या कपारीत अडकली. बाई अजून जोरात ओढायला लागल्या. हलेना. म्हणून त्या उतरायला निघाल्या, खालून सोडवते म्हणाल्या. मी चुलीतलं लाकूड आणून सोडलं ते तेव्हा. ते विझलं, आणि मी त्यांना मारलं.

थप्पड बसल्यावर त्यांनी पाय बाहेर काढले. मी म्हटलं, "बाई, ढील द्या."

"काय?"

"ढील द्या. खाली जाऊ द्या तिला."

त्यांच्या हातातून पट्टी सुटेना. मी त्यांची बोटं उघडली. ज्वारीची टोपली ओढताना ती पेवातल्या कपारीत अशीच अडकायची, आणि जितकी ओढावी तितकी घट्ट बसायची. बाप ओरडायचा, ढील द्या, फिरवा, मग ओढा. मी पट्टी दोन हात खाली सोडली, पीळ दिला, पोरगी आत फिरली असावी. मग म्हटलं, "आता ओढा. थांबू नका."

बाईंनी ओढली. लिंबाच्या बुंध्याला पाय लावून, एकटीनं. मी पट्टी तोंडाच्या मधोमध धरून ठेवली, दगडावर घासू नये म्हणून. एकेक गाठ माझ्या हातातून वर जात होती. मी मोजल्या नाहीत. बऱ्याच होत्या. एकही सुटली नाही. ज्या गाठींना मी हसले होते त्याच.

आधी दाढी दिसली, गळ्यात लोंबत होती. मग तोंड. ओठ जांभळे. गाठी सुटेनात म्हणून मी विळ्यानं पट्ट्या कापल्या. बाईंनी तिला पालथी घालून पाठीत चापट्या मारल्या, मग उताणी करून छाती दाबली. बरोबर की चूक आम्हाला माहीत नव्हतं. एकदा घशातून आवाज आला. श्वास चालतोय की नाही हे कळण्याइतकाच होता.

गावातल्या एकाचा ऑटो होता, त्यात घालून रेणापूरला निघालो. पोरगी बाईंच्या मांडीवर. डोळे मिटलेले. बाई तिच्या गालावर मारत होत्या आणि हजेरी घेत होत्या.

"नंबर एक. नंबर दोन. नंबर तीन."

ऑटोवाला मागं वळून बघायला लागला. मी त्याला म्हटलं, "तू पुढं बघ."

"नंबर दहा. नंबर अकरा. अकरा नंबर. गंगासागर. अकरा नंबर."

अकरा नंबरला उत्तर आलं नाही की बाई पुढचा वर्ग संपवून परत एकपासून सुरू करायच्या. रस्त्यानं तीन वेळा पूर्ण वर्गाची हजेरी झाली. चौथ्या वेळी, रेणापूरचा दवाखाना दिसायला लागला होता, तेव्हा पोरगी म्हणाली, "हजर." स्पष्ट नव्हतं, पण तेच म्हणाली. बाई पुढं बारा, तेरा, चौदा म्हणत राहिल्या. दवाखान्याच्या दारात पोरीला आत नेलं तेव्हा सत्तावीसवर आल्या होत्या. वर्गात एकतीस पोरं होती. त्यांनी उरलेले चार नंबर बाहेरच्या पायरीवर बसून घेतले.

रेणापूरहून लातूरला पाठवलं. तिथं तिला नळी लावली होती. लेक मिलमधून तशीच आली, डाळीचा भुसा अंगावर. तिनं बाईंना बघितलं आणि खूप बोलली. बाईंनी ऐकून घेतलं. मग लेक माझ्याकडं वळली, "तू काय करायलीस तवा?" मी म्हटलं, "भांडी घासायले होते."

पुढच्या आठवड्यात चौकशी झाली. केंद्रप्रमुख आले, शाळा समितीची माणसं आली, वर्गात पोरांच्या बाकांवर बसली. विचारलं, पोरांना पेव कुणी दाखवलं.

बाई म्हणाल्या, "मी."

मी जाळीतून म्हटलं, "पेव मी सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. आणि कंदिलाचं सांगायचं माझ्याकडून राहिलं."

केंद्रप्रमुख म्हणाले, "तुम्ही थांबा, मावशी. तुमचा संबंध नाही."

"संबंध हाय. मला इचारा."

त्यांनी विचारलं नाही. कागदावर शिक्षकांचं म्हणणं लिहायची जागा होती, पालकांचं लिहायची होती. मी दोन्हीत बसत नव्हते. पालक म्हणून लेकीची सही घेतली. थपडेचं मात्र त्यांनी दोनदा विचारलं. बाई म्हणाल्या, "त्यांनी मारलं म्हणून मी आज इथं जिवंत बसून राहिले." ते लिहून घेतलं की नाही मला माहीत नाही.

बाईंची बदली झाली, माहूरकडच्या एका डोंगरातल्या गावी. जायच्या दिवशी खिचडीच्या खोलीत आल्या. माझा तराजू भिंतीला टांगलेला होता. त्यांनी खाली वाकून एक खडा उचलला आणि पारड्यात ठेवला. मी दुसरा उचलून त्याच पारड्यात ठेवला. त्यांनी घड्याळात बघितलं आणि विचारलं, "मावशी, तांदूळ टाकला का?" मी म्हटलं, "टाकते आता." त्या म्हणाल्या, "मग एसटीला वेळ आहे." आणि बसल्या. मी त्यांना चहा करून दिला.

वही त्यांनी मला दिली. मी सांगितलेलं सगळं तिच्यात आहे. पेवाच्या पानावर शेवटी त्यांनी नंतर एक ओळ वाढवलेली दिसते, लाल शाईनं. आधी कंदील सोडावा, मग उतरावं. डोंगरातल्या त्या शाळेतही त्या मिसर शिकवत होत्या, असं मला त्यांच्या एका पोस्टकार्डावरून कळलं. तिथं राजा कसा निवडायचा ते बदललं होतं. आता नंबरानं करायच्या, एकपासून शेवटपर्यंत, सगळ्यांना पाळी.

बाई तिथूनच रिटायर झाल्या आणि गेल्या साली नांदेडला साखरेच्या आजारानं वारल्या. मला दहा दिवसांनी कळलं.

एक सांगायचं राहिलं. गंगासागरला सोडायच्या आधी पोरांनी राजाचं सामान सोडलं होतं, एका झाकणाच्या टोपलीत. भाकरी, पाण्याची बाटली, आणि खिचडीच्या खोलीत उंदरांसाठी पाळलेलं माझं मांजर, मिसरच्या राजाला मांजर लागतं म्हणून. मांजर आधी ओरडलं आणि मग गप्प झालं. पोरांना वाटलं, झोपलं. त्या गडबडीत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी गळ टाकून टोपली वर काढली. बालाजी आणि ती पोरं मांजराला गुंडाळायला पट्ट्या घेऊन आली होती. बाईंनी पट्ट्या परत ठेवायला लावल्या. म्हणाल्या, "ते मिसरचं झालं. हे आपलं मांजर आहे." लिंबाखाली खड्डा काढून पुरलं, नुसतं. पेव त्याच दिवशी मुरुमानं बुजवलं.

गंगासागर आता लातूरला अकरावीला आहे. पेवातलं तिला काही आठवत नाही. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली तेव्हा तिनं दाढी कुठं आहे ते विचारलं होतं, तेही आठवत नाही.

त्या शनिवारी पेवात मांजर गेलं आणि पोरगी गेली, आणि बाई जायला निघाल्या होत्या. मांजर मेलं. बाई उतरल्या नाहीत, म्हणून वाचल्या. गंगासागर जगली.